रागीट तरुण पाहिजे

ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी नळ विकत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. पुण्यात मी पाणीपुरवठ्याच्या योजना आखायचो. धरणातून टाकीपर्यंत आणि टाकीतून गल्लीबोळांपर्यंत पाणी कसं पोचवायचं, हे माझं काम. न्यूझीलंडला आल्यावर पाण्याशी नातं टिकलं, पण अगदी शेवटच्या टोकाचं. नळ, वॉशर, शॉवर, सिंकखालचे वाकडे पाइप.

बायकोला आल्या आल्या आयटीत नोकरी मिळाली होती. मला मात्र जिथे तिथे 'इथला अनुभव' विचारत, आणि तो इथे नोकरी केल्याशिवाय मिळत नव्हता. नकारसुद्धा इतके गोड यायचे की चिडायला जागा राहायची नाही. 'तुमचा अर्ज वाचून आम्हाला फार आनंद झाला' असं सुरू व्हायचं. पहिल्या काही वेळा मी शेवटपर्यंत न वाचताच बायकोला फोन केला होता.

एके दिवशी एक म्हातारा इंग्रज गिऱ्हाईक वॉशर घ्यायला आला. निवृत्त प्लंबर. तरुणपणी बोटीने इंग्लंडहून आलेला, उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरणगावातला. मी त्याला वॉशर दाखवत होतो आणि तो वॉशरऐवजी माझ्याकडे बघत होता.

"चाळिशीच्या आत आहेस?" त्याने विचारलं.

"हो, थोडासा."

"कधी नाटकात काम केलंयस?"

कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, तसं मी सांगितलं. त्याने वॉशर तिथेच ठेवला आणि माझा हात हातात घेतला. त्यांची एक हौशी नाटकमंडळी होती. एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर हिवाळ्याला ते एक नाटक बसवत. या वर्षी त्यांनी महायुद्धानंतरच्या इंग्लंडातलं एक नाटक निवडलं होतं. त्या काळी तिथली तरुण मुलं असली रागारागाची नाटकं लिहीत, त्यातलंच हे, पण कुणाला फारसं ठाऊक नसलेलं. नायक गिरणी कामगाराचा मुलगा. शिकला, पण शिकून कुठलाच राहिला नाही. बड्या जमीनदाराच्या मुलीशी लग्न करून एका भाड्याच्या खोलीत राहतो आणि तीन अंक सगळ्यांवर ओरडतो. अडचण एवढीच होती की मंडळीतला सर्वांत तरुण सभासद बासष्ट वर्षांचा होता.

"रागीट तरुण पाहिजे," प्लंबर म्हणाला. "महिनाभर शोधतोय. या देशात तरुण आहेत, पण रागीट कुणी नाही. सगळे सर्फिंगला जातात."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जा. घराबाहेर तरी पडशील. आणि इथला अनुभवही होईल." शेवटचं वाक्य ती चेष्टेने म्हणाली की मनापासून, ते मला आजही कळलेलं नाही.

दिग्दर्शिका एक निवृत्त शिक्षिका होत्या. उंच, सडसडीत, गळ्यात शिट्टी. पहिल्या वाचनाला त्यांनी सगळ्यांना गोल बसवून वर्गभेद म्हणजे काय ते समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि एकमताने सांगितलं की बाई, आपल्याकडे तसलं काही नाही, इथे सगळे सारखे. मग चहा झाला, आणि चहा पिता पिता आपण ऑकलंडच्या कुठल्या कुठल्या भागात मेलो तरी राहणार नाही, हे प्रत्येकाने सविस्तर सांगितलं.

बाईंनी प्लंबरला विचारलं, "तुम्ही तर त्याच गावांतले, त्याच काळातले. तुम्हीही असेच होतात ना?"

"असाच," तो म्हणाला. "बावीस वर्षांचा असताना रोज चिडायचो. जेवताना बोलायला लागलो की सूप गार व्हायचं."

"कशावर चिडायचात?"

त्याने बराच वेळ विचार केला. आम्ही सगळे थांबलो. मग तो म्हणाला, "आठवत नाही, मेट. पण फार चिडायचो."

खरं तर नायक त्यालाच व्हायचं होतं. ते जमणार नव्हतं म्हणून त्याला नायकाच्या सासऱ्याचं, त्या जमीनदाराचं काम दिलं होतं. ज्या माणसांना शिव्या देत तो देश सोडून आला, त्यांच्यातलाच एक होऊन त्याला आता शिव्या खायच्या होत्या. तालमीत तो कोट घालायचा तेव्हा कुणीतरी ओला टॉवेल अंगावर टाकल्यासारखं तोंड करायचा.

माझं मात्र काही केल्या जमत नव्हतं. पाठांतर चोख होतं, राग येत नव्हता. इंग्रजीत मी आयुष्यभर विनंत्याच केल्या होत्या. पहिल्या अंकात नायक जेवणाची प्लेट भिंतीवर भिरकावतो. मी भिरकावली, ती फुटली, आणि पुढचं वाक्य बोलता बोलता मी खाली बसून तुकडे वेचायला लागलो.

बाईंनी शिट्टी वाजवली. "तुमचा हा तरुण फार जबाबदार आहे," त्या प्लंबरला म्हणाल्या.

नाटकात माझी बायको झाल्या होत्या त्या वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई, वय त्रेसष्ट. नाटकातलं वय माझ्याहून लहान. मी ओरडलो की त्या हळूच माझा हात थोपटायच्या. दिग्दर्शिका बाई म्हणायच्या, असं थोपटू नका, तुम्ही भेदरल्या आहात. त्या म्हणायच्या, "पण तो किती दमतो!"

घरी मी आरशासमोर ओरडून बघायचो. माझी सात वर्षांची मुलगी दारात उभी राहून ऐकायची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच. मी विचारलं, "वाटतंय का गं चिडल्यासारखं?" ती म्हणाली, "यू आर नॉट मॅड, बाबा. यू आर जस्ट लाउड."

त्या हिवाळ्यात माझे वडील आमच्याकडे आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. सरकारी पाटबंधारे खात्यातून ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. टेबलावर घंटी, दाराशी शिपाई, दौऱ्यावर गेले की डाक बंगल्यात कोंबडी. इथे ते दिवसभर हीटरसमोर कानटोपी घालून बसत. फार तर शनिवारी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात जाऊन मेथी आणि फरसाण घेऊन येत, आणि दुकानदार आपल्याला 'ब्रदर' म्हणतो म्हणून परतीच्या वाटेवर कुरकुरत. मी नळ विकतो हे त्यांनी पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं. 'चिरंजीव वॉटर फिटिंग्जमध्ये आहेत,' असं ते म्हणत. ते खोटंही नव्हतं.

घरी एकटे राहू नयेत म्हणून मी त्यांना तालमीला न्यायला लागलो. मागच्या खुर्चीत, ओव्हरकोट घालून, हातात काठी धरून ते सगळं बघत. परतताना गाडीत प्रश्न विचारत.

"हा मुलगा नक्की कुणावर चिडलाय?"

"समाजव्यवस्थेवर, अण्णा."

"मग सासऱ्याला का बोलतो? सासऱ्याच्या हातात आहे का समाजव्यवस्था?"

"थोडीशी आहे. तो जमीनदार आहे."

"मग रीतसर अर्ज करावा," अण्णा म्हणाले. "आरडाओरडा करून फाइल हलत नसते."

प्रयोग जवळ आले असताना प्लंबरला हॉस्पिटलातून फोन आला. खुब्याच्या ऑपरेशनसाठी तो किती दिवस रांगेत होता, आणि नेमका आता नंबर लागला. नाही म्हटलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी. तो लंगडत तालमीत सांगायला आला. चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रयत्न करत होता, पण कोट काढून टाकताना त्याला हसू आवरलं नाही.

बाई हताश होऊन स्टेजच्या कडेवर बसल्या. मग त्यांचं लक्ष मागच्या खुर्चीकडे गेलं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून, भुवया उंचावून, आमच्या सगळ्यांकडे बघत होते. माणसं कामाला लागत का नाहीत, असा तो त्यांचा जुना चेहरा होता.

"ते," बाई कुजबुजल्या. "बघा कसे बघतायत! हाच तो माणूस."

"त्यांचं इंग्रजी थोडं वेगळं आहे," मी म्हणालो.

अण्णांना विचारलं तर ते उठून उभे राहिले, ओव्हरकोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "आय शॅल बी प्लीज्ड टू डू द नीडफुल."

त्यांना तिसऱ्या अंकात एकच प्रवेश होता. जावयाच्या खोलीत यायचं, चहा नाकारायचा, त्याचं लांबलचक भाषण ऐकून घ्यायचं आणि दोन वाक्यं बोलून निघून जायचं. पण त्यातलं 'तू माझ्या मुलीचं वाटोळं केलंस' अशा अर्थाचं वाक्य त्यांना असभ्य वाटलं. त्यांनी घरी बसून ते बदललं. दुसऱ्या दिवशी तालमीत माझ्याकडे काठी रोखून ते म्हणाले, "यंग मॅन, यू हॅव कॉज्ड कन्सिडरेबल इनकन्व्हीनिअन्स टू माय डॉटर."

बाईंनी दोन्ही हात छातीवर ठेवले. आख्खं साम्राज्य या एका वाक्यात आलंय, असं काहीतरी त्या म्हणाल्या. वाक्य कायम झालं.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मी दुकानात होतो. वरच्या ऑफिसात अंदाजपत्रकं करणाऱ्याची एक जागा निघाली होती. नळांपासून एक जिना वर. मी अर्ज केला होता, आणि या खेपेला मला खात्री होती. दुपारी मॅनेजरने बोलावलं. भला माणूस. त्याने सांगितलं, ती जागा आपल्या त्या नव्या मुलाला दिलीय. त्या मुलाला मीच कुठला नळ कुठे बसतो ते शिकवलं होतं. "तुझ्यात काही कमी नाही," मॅनेजर म्हणाला, "फक्त तो आमच्यात जरा पटकन मिसळतो. तू रागावला नाहीस ना?"

"नाही नाही," मी म्हणालो. "थँक यू."

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'मग झकास', आणि मला एक मफिन दिला.

संध्याकाळी हॉल भरला होता. म्हणजे साठेक माणसं, त्यांतली निम्मी मांडीवर शाल घेऊन. बायको आणि मुलगी दुसऱ्या रांगेत होत्या. ऑपरेशन होऊन घरी आलेला प्लंबर कुबड्या टेकवून पहिल्याच रांगेत पाय लांब करून बसला होता. पहिले दोन अंक बरे गेले. मी प्लेट फोडली आणि तुकडे वेचले नाहीत.

तिसऱ्या अंकात अण्णा आले. सूट, हॅट, काठी. नुसत्या येण्यालाच टाळ्या मिळाल्या. त्यांनी झकास रीतीने चहा नाकारला. मग माझं भाषण सुरू झालं. त्यात एक वाक्य होतं, साधारण असं की तुम्ही लोक दारं आतून लावून घेता, आणि वर म्हणता की याला दार ठोठावायची रीत नाही. महिनाभर मी ते म्हणत होतो. त्या दिवशी ते म्हणताना मला तो जिना दिसला, आणि माझा आवाज बदलला. तो माझ्याच ओळखीचा नव्हता. मान गरम झाली. पुढची वाक्यं आपोआप बाहेर पडत गेली. मी अण्णांच्या अगदी जवळ जाऊन, त्यांच्या तोंडावर ओरडत होतो. वाचनालयाच्या बाई बटाटे सोलायच्या थांबल्या.

इथे अण्णांनी 'यंग मॅन' म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. आधी त्यांचा चेहरा चिडल्यासारखा झाला, मग ते माझ्याकडे नीट निरखून बघायला लागले. लहानपणी ताप आला की बघत, तसे.

"अरे," ते मराठीत म्हणाले. "काय झालं?"

मी नाटक पुढे रेटायला इंग्रजीत एक वाक्य बोललो. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"दुकानात काही झालं का?"

विंगेतून बाई 'यंग मॅन, यंग मॅन' असं कुजबुजत होत्या. मला पुढचं काही आठवेना. आठवलं असतं तरी बोलवलं नसतं.

"ती वरची जागा," मी म्हणालो. "दुसऱ्याला दिली."

"कुणाला?"

"मी ज्याला शिकवलं त्याला."

अण्णांनी हॅट काढली. "मग तू काय म्हणालास?"

"थँक यू म्हणालो. त्यांनी मला मफिन दिला."

"खाल्लास?"

"नाही. गाडीत आहे."

अण्णा जाऊन खाटेवर बसले, शेजारची जागा हाताने थोपटली आणि म्हणाले, "बैस इथे. मला सांगायचं नाहीस होय? मी काय फक्त मेथी आणायला आलोय?"

मी बसलो. मला रडू येत होतं आणि साठ माणसं बघत होती. वाचनालयाच्या बाईंना काय करावं सुचेना. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, ती त्यांनी केली. त्यांनी नाटकातल्या किटलीतून तीन कप भरले आणि आम्हाला आणून दिले. किटलीत रंगवलेलं गार पाणी होतं. अण्णांनी, ज्यांनी पाचच मिनिटांपूर्वी झोकात चहा नाकारला होता, ते सगळं पाणी पिऊन टाकलं. आम्ही तिघं खाटेवर शेजारी शेजारी बसून राहिलो. अण्णांचा हात माझ्या पाठीवर होता.

मग त्यांना एकदम जाणवलं की आपण कामावर आहोत. ते उठले, हॅट घातली, माझ्याकडे काठी रोखली आणि 'कन्सिडरेबल इनकन्व्हीनिअन्स'चं वाक्य खणखणीत म्हटलं. वळले आणि निघाले. त्या खोलीला दोन दारं होती. एक बाहेर जायचं आणि एक कपाटाचं. अण्णा कपाटात गेले.

परत बाहेर येणं त्यांच्या हुद्द्याला शोभलं नसतं. ते आतच थांबले. उरलेला अंक मी आणि वाचनालयाच्या बाईंनी कपाटाकडे न बघता पुरा केला. शेवटी नायक दमून बायकोच्या खांद्यावर डोकं टेकतो, त्या शांततेत कपाटातून शिंक आली. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "गॉड ब्लेस यू." पडदा पडला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. नंतर चहापानाला एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तो वेल्श भाषेतला भाग फारच सुंदर होता. माझी आई वेल्श होती. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी रडले." मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

प्लंबर कुबड्यांवर लटकत आला. त्याने मला बाजूला घेतलं. "म्हातारा काय म्हणत होता?"

मी सांगितलं. सगळं, मफिनसकट.

"माझ्या बापाने मला असं कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "पण त्याला तरी काय विचारता आलं असतं! तो रात्रपाळीला असायचा." मग जिंजर बिस्किट उचलून तो अण्णांकडे गेला. अण्णांना त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, त्याला अण्णांचं कळत नव्हतं. दोघं गुडघे आणि खुबे यांवर अर्धा तास बोलत बसले होते.

दिग्दर्शिका बाईंनी मला गाठून सांगितलं, उद्याही असंच करायचं. अगदी असंच, कपाटासकट. मी अण्णांना गाडीत विचारलं.

"उद्या परत काय विचारू?" ते म्हणाले. "आज विचारलं, कळलं. झालं."

मी म्हटलं, अहो, नाटक आहे ते.

"मग नाटकातलं आहे तेवढंच करतो," ते म्हणाले, आणि त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी आदल्या प्रयोगाचं ऐकून माणसं जास्त आली होती. अण्णा आले, चहा नाकारला, वाक्य म्हटलं, योग्य दाराने निघून गेले. मीही महिनाभर म्हणत होतो तसंच भाषण म्हटलं. वेल्श भागाची वाट बघत बसलेली माणसं चुकचुकत घरी गेली. मंडळीत काही दिवस अशी चर्चा होती की मराठी भाषेचे हक्क कुणाकडे असतात, ते विचारून तो भाग पक्का करून घ्यावा.

पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्याबरोबर दुकानात आले. मी नको म्हणत होतो. मॅनेजरला भेटायचं त्यांनी नावही काढलं नाही. माझ्या विभागात एका स्टुलावर बसून त्यांनी मला नळ विकताना पाहिलं. गिऱ्हाइकं गेली की नळ उचलून, फिरवून बघत. "हा चांगला आहे," म्हणत. "पितळ आहे आत." पुण्याला जाताना त्यांनी माझ्याच काउंटरवरून दोन नळ विकत घेतले आणि कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवले. नंतर फोनवर आत्यांनी सांगितलं, 'आमच्या चिरंजीवांच्या दुकानातले' असं सांगून ते नळ अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. बसवलेले नाहीत, दिवाणखान्यात ठेवलेत.

मी त्या दुकानात आणखी वर्षभर होतो. मग ख्राइस्टचर्चच्या एका लहानशा कंपनीत पाइपलाइनचे नकाशे काढायची जागा निघाली, आणि ती मला मिळाली. नाटकामुळे मिळाली असं म्हणायला मला आवडलं असतं. मुलाखतीला गेलो तेव्हा छंदांच्या रकान्यात मी नाटक लिहिलं होतं, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही विमानात ठरवून ठेवलं होतं. समोरच्या दोघांनी तो रकाना वाचला, एकमेकांकडे बघितलं, आणि माझ्याकडे गाडीचं पक्कं लायसन्स आहे का, एवढंच विचारलं.